‘आमच्या सुनेवर प्रयोग करणार का?’

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची पाच पत्रं निघाली. त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल, रागावू नका. विषय आहे बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांवर होणारं संशोधन. मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगते, आजही सांगते. आधी एएनएम (उपकेंद्रातली नर्स), मग एलएचव्ही (एएनएमवरची पर्यवेक्षिका) म्हणून एकतीस वर्षं विदर्भातल्या उपकेंद्रांत आणि पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, काढली. निवृत्तीनंतर सहा वर्षं एका संशोधन प्रकल्पात फील्ड सुपरवायझर होते. दारात फॉर्म घेऊन उभं राहिल्यावर घरातली माणसं कशी बघतात, ते मला चांगलं माहीत आहे.

प्रश्न : माझी सून सात महिन्यांची गरोदर आहे. तपासणीला सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा दोन मुली फॉर्म घेऊन आल्या. ‘अभ्यासात सहभागी व्हा’ म्हणाल्या. कोणाला कोणता उपचार मिळणार हे म्हणे कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवतो! मुलगा म्हणतो, आपण गरीब म्हणून आपल्यावर प्रयोग. मी सही करू दिली नाही. बरोबर केलं का? (एक सासू, बुलढाणा जिल्हा)

ताई, सही थांबवलीत ते बरोबर केलंत. समजल्याशिवाय सही करायची नसतेच. पण ‘मी सही करू दिली नाही’ हे वाक्य मात्र मला खटकलं. सही तुमची नाही, सुनेची आहे. पोट तिचं, बाळ तिचं, होकार-नकारही तिचाच. तुम्ही शेजारी बसा, प्रश्न विचारा, पण उत्तर तिला देऊ द्या.

हे मी कोणत्या तोंडाने सांगते तेही ऐका. प्रकल्पातल्या पहिल्याच वर्षी एका घरी गेले होते. सासूबाई ओसरीवर, सून दाराआड. मी माहितीपत्रक वाचलं, सासूबाई ‘हो हो, घ्या’ म्हणाल्या, आणि सुनेने पदर सावरत अंगठा उठवला. मी खूश, दिवसाचा आकडा पूर्ण. चार दिवसांनी तीच मुलगी हातपंपावर भेटली आणि हंडा खाली न ठेवताच म्हणाली, ‘बाई, तुम्ही आत्याला विचारलं. मले कोनं विचारलं?’ मी त्याच दिवशी तिचा फॉर्म रद्द करायला दिला. ऑफिसात बोलणी खाल्ली ती वेगळी. त्यानंतर मी प्रत्येक घरी आधी चहा नको म्हणायचे आणि ‘मला जरा मुलीशी एकटीशी बोलायचंय’ म्हणायचे. निम्म्या घरांत कपाळाला आठ्या पडायच्या. पडू दे.

आता चिठ्ठीचं. तुमच्या मुलाला वाटतं की डॉक्टरला चांगलं औषध माहीत आहे आणि तो चिठ्ठी काढून ते अर्ध्या बायकांना नाकारतोय. तसं असतं तर तो गुन्हाच ठरला असता. चिठ्ठी तेव्हाच काढतात जेव्हा दोन्हींतलं चांगलं कोणतं हे जगात कुणालाच पक्कं माहीत नसतं. कितीही मोठा डॉक्टर असो, ‘मला वाटतं’ आणि ‘मला माहीत आहे’ यांत फरक असतो, आणि त्या फरकापायी बाळं दगावतात.

आपल्या नागपूर आणि बेळगाव भागातलंच उदाहरण देते. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉईडचं इंजेक्शन द्यायचं, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात, हे मोठ्या दवाखान्यांत अनेक वर्षांपासून सिद्ध आहे. मग सगळ्यांना वाटलं, खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक उपकेंद्रात हे इंजेक्शन द्या, किती बाळं वाचतील! मलाही वाटलं असतं. सुदैवाने कुणीतरी आधी तपासून बघू म्हणालं. सहा देशांत, आपल्याकडे नागपूर आणि बेळगावला, सुमारे एक लाख जन्मांची नोंद ठेवून हा अभ्यास झाला आणि 2015 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काय निघालं? लहान, अशक्त बाळांना फायदा दिसला नाही. उलट सगळी बाळं मिळून हिशेब केला तर इंजेक्शनवाल्या भागात हजारी 27.4 बाळं पहिल्या महिन्यात गेली आणि दुसरीकडे 23.9. म्हणजे नुकसानच! गावात सोनोग्राफी नाही, दिवस नक्की किती गेले ते कळत नाही, मग पूर्ण दिवसांच्या बाळांच्या आयांनाही इंजेक्शन गेलं. शिवाय आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंका वाढली.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तेच इंजेक्शन पुन्हा तपासलं. भारतासह पाच देशांत, पण या वेळी फक्त दवाखान्यात, सोनोग्राफीने दिवस मोजून आणि लहान बाळाची काळजी घेण्याची सोय जिथे आहे तिथेच. 2020 साली निकाल आला : इंजेक्शन मिळालेल्या गटात शंभरातली 19.6 बाळं गेली आणि न मिळालेल्या गटात 23.5. औषध तेच. एका ठिकाणी तारलं, दुसऱ्या ठिकाणी मारलं. चिठ्ठी काढली नसती तर आम्ही एएनएम बाया अजूनही पुण्य समजून ते इंजेक्शन टोचत फिरलो असतो.

दुसरी शंका अशी की अभ्यास चालू असताना एक गट मागे पडतोय असं दिसलं तर काय? बघत बसायचं? नाही. त्यासाठी एक वेगळी समिती असते. ती मधूनमधून आकडे उघडून पाहते आणि तिला अभ्यास थांबवण्याचा सल्ला देता येतो. कांगारू काळजी तुम्ही ऐकली असेल. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायचं, 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरातून निघालेली पद्धत. आधी बाळ काचेच्या पेटीत ठेवायचे आणि स्थिर झालं की आईकडे द्यायचे. प्रश्न असा होता की जन्मल्या जन्मल्याच छातीशी दिलं तर? दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात 3,211 बाळांचा अभ्यास झाला. एक किलो ते 1.8 किलोच्या आतली बाळं. लगेच छातीशी दिलेल्यांत 12 टक्के गेली, आधी पेटीत ठेवलेल्यांत 15.7 टक्के. फरक इतका उघड दिसायला लागला की समितीने नवीन बाळं घेणं मुदतीआधीच थांबवायला सांगितलं. हे 2021 चं. कित्येक दवाखान्यांत आई एका वॉर्डात आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर असतं, तिथे हा निकाल भिंतीवर चिकटवायला हवा.

तर आता परत त्या मुली आल्या की सुनेने विचारायचं : आत्ता मला जे उपचार मिळतात त्यातलं काही बंद होणार का? नवीन काय देणार, त्याने काय त्रास होऊ शकतो? त्रास झाला तर खर्च कोण करणार? मधूनच नको म्हटलं तर दवाखान्यात माझी तपासणी चालू राहील ना? (राहिलीच पाहिजे. हा हक्क आहे, मेहरबानी नाही.) माहितीपत्रकाची मराठी प्रत घरी ठेवून घ्यायची. तिच्यावर नीतिमत्ता समितीचा, म्हणजे अभ्यासात कुणावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन असतो, तो लावला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. त्या समितीत डॉक्टरांसोबत कायद्याचा जाणकार आणि तुमच्या-माझ्यासारखं साधं माणूसही असावं लागतं, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा. औषधाचा किंवा उपचाराचा प्रयोग असेल तर सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदणीत त्याचा क्रमांक असतो. मुलाच्या मोबाइलवर तो शोधता येतो. मुलाला ते काम द्या, रागाला वाट मिळेल.

उत्तरं टाळली, घाई केली, ‘सगळ्यांनी सही केली’ म्हणाल्या, तर खुशाल परत पाठवा. नीट सांगितलं तर सुनेला ठरवू द्या.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. आता गावातली सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात. तरी बाळ घरी आलं की मी तापमापी, घड्याळ आणि झोळीचा काटा घेऊन जायचं. लोक हसतात, ‘डॉक्टरने तपासून पाठवलं, आता तू काय मोजते?’ सहा भेटींचे अडीचशे रुपये. खरंच याने काही होतं का? (एक आशा, यवतमाळ जिल्हा)

हो. आणि हे आपल्या शेजारच्या गडचिरोलीतच मोजून दाखवलेलं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. 1995–96 साली त्यांनी 39 गावांत जन्मलेल्या 763 बाळांवर महिनाभर घरी जाऊन लक्ष ठेवलं. जवळजवळ सगळी घरीच जन्मलेली. निम्म्याहून जास्त बाळांना औषधोपचाराची गरज पडली होती, आणि डॉक्टरने पाहिलेली किती? शंभरात तीनसुद्धा नाहीत, 2.6 टक्के. चाळीस बाळं गेली, त्यांतली 38 घरातच. दवाखाना नव्हता असं नाही. पण बाळंतीण बाहेर निघत नाही, बाळाला बाहेर काढत नाहीत, आणि आजारी तान्हं बाळ रडून सांगत नाही, ते गप्प होत जातं. घरच्यांना वाटतं, शांत झालं.

मग त्यांनी उलटं केलं. बाळ दवाखान्यात येत नाही तर काळजी घरी न्यायची. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना शिकवलं. आरोग्यदूत म्हणतात त्यांना. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळ पुसायचं, गुंडाळायचं, लगेच अंगावर पाजायला लावायचं, ठरलेल्या दिवशी घरी जाऊन वजन, ताप, श्वास बघायचा. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले तर त्यांच्या परवानगीने जेन्टामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्साझोलचं औषध. यावर डॉक्टर मंडळींनी केवढा गहजब केला! शाळा सोडलेली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार? तेव्हा मीही नोकरीत होते आणि, कबूल करते, त्या गहजब करणाऱ्यांच्याच बाजूला होते. मला सही-शिक्क्याशिवाय सलाईन लावायची परवानगी नव्हती आणि ही खेड्यातली बाई तान्ह्याला टोचणार, असा माझा जळफळाट.

निकाल 1999 च्या डिसेंबरात लॅन्सेटमध्ये आला. आधी हजारी 62 बाळं पहिल्या महिन्यात जात होती, तिसऱ्या वर्षी 25.5. तुलनेच्या 47 गावांचा हिशेब लावला तर मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत आधी शंभरातली 16.6 दगावत, आरोग्यदूत उपचार करू लागल्यावर 2.8. मी गप्प झाले.

2011 पासून भारत सरकारने आशांमार्फत जी घरभेट सुरू केली तिचं मूळ हे. तुमची पिशवी तिथून आली आहे, ताई.

आता तुमचा मुद्दा, बाळंतपणं दवाखान्यात होतात. होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीप करून घरी येतात. पहिल्या महिन्यात जाणाऱ्या शंभर बाळांपैकी साधारण पंचाहत्तर पहिल्याच आठवड्यात जातात. म्हणजे धोक्याचे अर्धे-अधिक दिवस घरीच. म्हणूनच तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झालं तर पहिला दिवसही. त्यातली तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट चुकवलीत तर बाकीच्या भेटी नुसत्या हजेरीच्या. पाचवी पुजायची गडबड असते, घरात पाहुणे असतात, ‘नंतर ये’ म्हणतात. सटवाईने कपाळावर काय लिहायचं ते लिहू दे, आपण आधी श्वास मोजून घ्यायचा.

श्वासाचं तुम्हाला शिकवलं असेलच, तरी सांगते, कारण मी पर्यवेक्षणाला जायचे तेव्हा दहातल्या सात जणी चुकायच्या. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना मोजायचं, दूध पिताना किंवा रडताना नाही. झबलं वर करायचं, दुपट्याच्या वरून अंदाज घ्यायचा नाही. नजर छातीपेक्षा पोटावर ठेवा. तान्ह्याचं पोट वरखाली होताना जास्त स्पष्ट दिसतं. आणि पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं ही चोरी आहे, कारण तान्हं बाळ चार-पाच श्वास भराभरा घेतं, मग क्षणभर थांबतं, मग पुन्हा घेतं. अर्ध्या मिनिटात नेमकं काय सापडेल याचा नेम नाही. साठ किंवा जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा एकदा मोजायचं. दुसऱ्यांदाही साठ किंवा जास्त म्हणजे दवाखाना. साठच्या आत असले पण श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, पीत नाही, मलूल आहे, हातपाय गार किंवा अंग तापलेलं आहे, तरीही दवाखाना. आकड्याची वाट बघायची नाही.

दहाच्या पुढे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्याच गडचिरोलीत एक साधन केलं होतं, मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनिया. माझ्या मते एवढं हुशारीचं यंत्र मी कुठल्याही पंचतारांकित दवाखान्यात पाहिलेलं नाही.

अडीचशे रुपयांबद्दल मी काही बोलत नाही. बोलले तर संपादक छापणार नाहीत.

प्रश्न : मातामृत्यू कमी झाले असं सरकार सांगतं. हे आकडे येतात कुठून? आमच्या घरी तर कधी कुणी मोजायला आलं नाही. (एक वाचक, पुणे)

तुमच्या घरी येणार नाहीत, ते नमुन्यातल्या घरांत जातात. नमुना नोंदणी पद्धत म्हणतात. निवडलेल्या वस्तीत एक अर्धवेळ माणूस, बरेचदा अंगणवाडी ताई किंवा मास्तर, वर्षभर जन्म-मृत्यू लिहून ठेवतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन त्याची वही न बघता घरोघरी स्वतंत्र विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात, जुळलं नाही तिथे पुन्हा जातात. त्यातून निघालं की 2004–06 मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 254 आया जात होत्या, 2018–20 मध्ये 97. महाराष्ट्रात 130 वरून 33. तीन-तीन वर्षांचे एकत्र देतात कारण मातामृत्यू संख्येने थोडे असतात, एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. कमी झालेत हे खरंच आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बैलगाडीत बाळंतीण गेलेली मी पाहिली आहे, अलीकडे नाही.

बाळांचं मात्र अवघड. 2020 ला देशात पहिल्या महिन्यात हजारी 20 बाळं गेली, त्यात शहरांत 12 आणि खेड्यांत 23. महाराष्ट्रात 11. पण पहिल्या दोन-चार तासांत गेलेलं बाळ यादीत शिरणं सगळ्यात कठीण. प्रकल्पात असताना एका घरी ‘मृत जन्म’ अशी नोंद होती. व्हर्बल ऑटोप्सीसाठी, म्हणजे मृत्यू कसा झाला ते घरच्यांना विचारून लिहिण्यासाठी, मी गेले. आजी ठामपणे म्हणाली, मेलेलंच झालं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. फॉर्म बंद करून निघाले तेव्हा गोठ्याजवळ म्हातारी दाई भेटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘एक डाव कण्हलं होतं जी. हात बी हलवला.’

कण्हलं, म्हणजे श्वास घेतला, म्हणजे जिवंत जन्म. मेलेलं जन्मलं नव्हतं, जन्मून मेलं होतं. तुम्हाला वाटेल काय फरक पडतो, बाळ तर गेलंच. फरक असा की मृत जन्म लिहिला तर चौकशी गरोदरपणाच्या तपासणीकडे जाते, आणि जन्मून गेलं लिहिलं तर विचारावं लागतं की त्या पहिल्या मिनिटात त्याला पुसून, चोळून, पिशवी-मास्कने हवा द्यायला कुणी का नव्हतं. मी परत आत गेले आणि आजीसमोर बसून फॉर्म पहिल्यापासून भरला. ती आधी भांडली, मग रडली. दोन तास लागले.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे. प्रसूतीनंतर रक्तस्राव मोजायला प्लास्टिकची पिशवी वापरा असा आग्रह असतो. वीस वर्षांच्या अनुभवाने मला नुसतं बघून कळतं. (लातूर)

बाई, मलाही कळायचं. म्हणजे कळतं असं वाटायचं.

बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत हे तपासून झालं आहे. तिथे एएनएमनी बाळंतिणीला प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का, असा अभ्यास होता. 1,620 बायका, 2006 मध्ये छापला. गोळी मिळालेल्यांत 6.4 टक्क्यांना जास्त रक्तस्राव झाला, नुसती दिसायला सारखी, पण औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत 12 टक्क्यांना. पण त्याआधी प्रश्न होता की ‘जास्त’ ठरवायचं कसं? म्हणून कंबरेखाली घालायची, खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असलेली चादर तयार केली. ती आणि डोळ्यांचा अंदाज यांची तुलना झाली तेव्हा डोळ्यांचा अंदाज एक-तृतीयांशाने कमी भरला. अनुभवी डोळ्यांचा बरं का. रक्त चादरीत मुरतं, गादीखाली जातं, पाण्यात मिसळतं. आपण तांबड्या डागाचा आकार बघतो, खोली बघत नाही.

पुढे अशीच पिशवी आणि तिच्यासोबत सगळे उपचार एकदम सुरू करायचे अशी पद्धत आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 रुग्णालयांत तपासली. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं, निकाल 2023 चा. गंभीर रक्तस्राव किंवा त्यातून येणारं ऑपरेशन, मृत्यू असं सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं. पिशवी असलेल्या ठिकाणी दहातल्या नऊ बायकांचा जादा रक्तस्राव ओळखला गेला, नसलेल्या ठिकाणी निम्म्यांचाच.

एक करून बघा. रिकाम्या वेळी पाण्यात लाल शाई घालून अर्धा लिटर मोजा आणि लेबर टेबलवरच्या चादरीवर ओता. बाकीच्या सिस्टरना बोलवा, अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगा, नाव न घालता. आमच्या पीएचसीत मी हे केलं होतं. माझी स्वतःची चिठ्ठी होती 250.

प्रश्न : आमच्या तालुक्यात पाच वर्षं संशोधन चाललं. गाड्या आल्या, फॉर्म भरले, गेले. गावाला काय मिळालं? (माजी पंचायत समिती सदस्य)

तुमचा राग रास्त आहे. निकाल गावात येऊन सांगणं हे काम आहे, उपकार नाही, आणि ते बहुतेक जण करत नाहीत. माझ्या प्रकल्पानेही केलं नाही. मी साहेबांना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला मी तिथे नव्हते.

पण एक सांगते. ‘काही फायदा झाला नाही’ असा निकाल आला तर तो फुकट गेला असं समजू नका. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने बायकांच्या बैठका घेतल्या, चित्रं दाखवून, गोष्टी सांगून, बाळं का जातात यावर बायकांनीच चर्चा करायची. 2010 मध्ये छापलं, तीन वर्षांत नवजात मृत्यू 32 टक्क्यांनी कमी. तेच मुंबईच्या वस्त्यांत करून पाहिलं, 48 वस्त्या, 2012 मध्ये छापलं, आणि बैठकांनी फरक पडला नाही. झोपडपट्टीतली बाई कामावर जाते, दवाखाना जवळ आहे, अडचण वेगळीच. त्यांनी तसं सरळ लिहून छापलं. त्या प्रामाणिकपणाला मी नमस्कार करते.

तुम्ही पंचायतीत होतात. संस्थेला ग्रामसभेच्या नावाने पत्र पाठवा की निकाल मराठीत, चावडीवर, तारीख ठरवून सांगा. पत्राची पोच घ्या.

प्रश्न : मी एका अभ्यासात नाव दिलं आहे. पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण झालं की बाळंतपणाला माहेरी जाणार. त्यांना कळवायला हवं का? (वाशीम)

हवं, बाळा, आजच. तुमच्या-आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते आणि फॉर्ममध्ये ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून हरवते. आणि जी हरवते तिचंच बाळंतपण अवघड झालेलं असू शकतं. माहेरच्या गावाचं नाव, तालुका, वडिलांचा किंवा भावाचा फोन आणि तिथल्या आशाताईंचं नाव एवढं सांग. माता-बाल संरक्षण कार्ड साड्यांच्या तळाशी ठेवू नकोस, हातातल्या पर्समध्ये ठेव. एका मुलीचं कार्ड रुखवताच्या ट्रंकेत होतं आणि ट्रंकेची किल्ली नवऱ्याकडे, नवरा सुरतला. आम्ही कुलूप फोडलं होतं.